काय करून राह्यले जी?

(ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) दिवशी दुपारी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला तो असा: रोजची कामं, छंद आणि माणसाची ओळख. विषय कळल्यावर इथल्याच एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "छंद म्हन्जे शहरातली गोष्ट झाली गा. आपल्या गावात कोनाले छंद आहे? रोवना, निंदन, कापनी, चुरना. झाला वर्ष." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. कारण हा गडी गेली कित्येक वर्षं दर हंगामात नाटकात खलनायक रंगवतो आणि अख्ख्या तालुक्यात लोक त्याला 'ठाकूरसाहेब' म्हणतात. त्याच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत बापाच्या नावापुढे कंसात 'ठाकूर' छापावं लागलं, नाहीतर अर्ध्या पाहुण्यांना कळलं नसतं की लग्न कोणाकडे आहे. आणि हाच माणूस मला सांगतो की गावात कोणाला छंद नाही.

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबात नाटक धरलेलंच नव्हतं. स्वतःबद्दल सांगताना आपण काय धरतो आणि काय सोडून देतो, तिथूनच आजचा विषय सुरू होतो.

कोणताही फॉर्म घ्या. बँकेचं खातं, पोराचा शाळाप्रवेश, काहीही. एक रकाना असतोच: व्यवसाय. २०११ च्या जनगणनेने काम करणाऱ्या सगळ्या भारतीयांना चार खणांत बसवलं. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले आणि इतर. या 'इतर'मध्ये मास्तर, न्हावी, पानठेलेवाला आणि खासदार असे सगळे एका पंगतीला. सरकारला मोजायचं असतं आणि मोजायला खण लागतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपण तो खण घरी घेऊन येतो आणि त्यातच राहायला लागतो. कोणी विचारलं की मान खाली घालून सांगतो, "मी काय जी, साधा शेतकरी." या 'साधा' शब्दात किती गोष्टी गाडल्या जातात! आणि विदर्भाच्या नशिबी तर आणखी एक खण आला. बाहेरच्या माणसाला विदर्भातला शेतकरी म्हटलं की डोक्याला हात लावून बसलेला एकच माणूस दिसतो. कर्ज खरं आहे, दुःख खरं आहे, मी त्यातलं काही कमी करत नाही. पण तो माणूस उठतोही. आणि उठून काय करतो, हे विचारायला कोणी थांबत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नाही केलं तरी कोणी विचारणार नाही, असं असूनही जे काम माणूस पुन्हा पुन्हा करतो, त्याने तो घडतो. आणि ते करताना चार लोकांनी पाहिलं, तर ती ओळख पक्की होते. पोटाचं काम ओळख देत नाही असं नाही, पण ते काम करायला भूक भाग पाडते. दुसऱ्या प्रकारच्या कामाला आपल्या मर्जीशिवाय कोणी भाग पाडत नाही.

डॅरिल बेम नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहे. त्याने १९७२ साली हा विचार नीट मांडला. आपण समजतो की आधी आवड असते, मग माणूस तसं वागतो. बेमचं म्हणणं, पुष्कळदा हे उलटं चालतं. आपल्या मनात काय आहे ते आपल्यालाही स्पष्ट दिसत नसतं. मग आपण परक्या माणसाकडे पाहावं तसं स्वतःच्या वागण्याकडे पाहतो आणि त्यावरून ठरवतो. त्याचं उदाहरण ब्राऊन ब्रेडचं आहे, आपण भाताचं घेऊ. "तुले भात आवडते का?" "आवडत असन, रोज तर खातो." यात बेमने एक अट घातली आहे आणि माझ्या मते सगळं मर्म त्या अटीत आहे. कोणी डोक्यावर काठी घेऊन उभा असेल, तर माणूस स्वतःबद्दल असा निष्कर्ष काढत नाही. मालकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दिवसभर वाकलेली बाई संध्याकाळी असं म्हणत नाही की मला वाकायला आवडतं. तिला कारण ठाऊक असतं. जिथे बाहेरचं कारण दिसत नाही, तिथे माणूस आत डोकावतो आणि म्हणतो, म्हणजे हे माझंच असणार.

आता तुमच्या ओळखीचं चित्र. पहाटे पाचला वडशाच्या रस्त्याने कोणीही या. दिव्याच्या उजेडात पोट्ट्यांची रांगच्या रांग दिसते, पळणारी. भरतीवाले. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे एकूण ५० गुण, त्यातले २० लांबच्या धावेचे. खुल्या वर्गाला वयाची अट २८, मागासवर्गाला ३३. हे आकडे मी तुम्हाला काय सांगू, तुमच्यातल्या अर्ध्यांना झोपेतही पाठ आहेत.

शेजारच्या गावातली एक पोरगी सांगतो. नाव सांगत नाही, तिने तशी अट घातली आहे. बारावी झाली, घरी लग्नाची बोलणी सुरू झाली आणि ही भावाची जुनी ट्रॅकपँट घालून मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर पळायला लागली. आधी लोक हसले. मग एक-दोघांनी बापाला पानठेल्यावर गाठून समजावलं. मग हळूहळू सवय झाली, इतकी की एखाद्या दिवशी ती दिसली नाही तर दूधवाला घरी विचारून जायचा, पोरगी बिमार आहे का म्हणून. पोरींचा गोळा चार किलोचा असतो. विकत घ्यायला पैसे नव्हते, तर तिने नाल्यातून गोल दगड वेचून आणले, किराणा दुकानात एकेक काट्यावर चढवला आणि चार किलोला काटा जिथे थांबला तो ठेवून घेतला. दुकानदार सांगतो, बाकीचे दगड माझ्याच दारात टाकून गेली.

भरती झाली नाही तिची. दोनदा मैदानी परीक्षेत पास झाली, लेखीत राहिली. आपल्याकडे अशा पोरांबद्दल एक ठरलेलं वाक्य आहे: "इतके दिवस फुकट गेले." मला या वाक्याचा राग येतो. ती आज जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर फक्कीने रेघा मारते आणि सकाळी पोरींना पळवते. मी विचारलं, काय करतेस आता? एका दमात म्हणाली, "पोरी तयार करतो जी." सुरुवात केली तेव्हा काठी होती डोक्यावर, नोकरीची, लग्नाची. मग नोकरीची आशा गेली, काठी गेली आणि पळणं राहिलं. बाहेरचं कारण नाहीसं झालं तेव्हा तिला कळलं की पळणं आपलं आहे. बेमला हे उदाहरण आवडलं असतं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. वयाची अट ओलांडली की पुष्कळ पोरं बूट खुंटीला टांगतात आणि परत त्या रस्त्याकडे पाहत नाहीत. पळणं त्यांच्यासाठी भरतीचं साधन होतं, ते संपलं. त्यात त्यांचा दोष नाही. पण या पोरांकडे गावाने दुसऱ्या नजरेने पाहिलंच नव्हतं. भरतीवाला, एवढंच. निकाल लागला की ते नावही गेलं आणि हाती दुसरं कोणतं नाव नव्हतं.

हे 'पाहणं' फार महत्त्वाचं आहे. विल्यम जेम्सने १८९० मध्ये लिहिलं की माणसाला ओळखणारे जितके लोक, तितके त्याचे सामाजिक 'मी' असतात. शहरातल्या माणसाला हे समजून घ्यायला पुस्तक लागतं. गावात तर पाण्याच्या टाकीपासून चौकापर्यंत चालत गेलं तरी चार निरनिराळे 'मी' होऊन जातात. एकाला तुम्ही उधारीवाले, एकाला भजनातले पेटीवाले, एकाला मास्तरचे भाऊ, एकाला ठाकूरसाहेब.

ठाकूरसाहेबांकडे येतो. आज मंडई आहे, रात्री नाटक आहे, तेव्हा झाडीपट्टीच्या माणसांसमोर झाडीपट्टीच्या नाटकावर बोलणं धाडसाचंच. तरी बोलतो, कारण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांबाहेर अजूनही लोकांना खरं वाटत नाही की धान कापून झाल्यावर, दिवाळीनंतर, इथे गावोगाव रात्र रात्र नाटकं चालतात, लोक तिकीट काढून पाहतात आणि पहाटे घरी जातात. देसाईगंज म्हणजे आपलं वडसा, तिथे नाट्यकंपन्यांच्या पाट्या दुकानांसारख्या रांगेने लागतात. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना हा रंगमंच थोडा दिसला. खुणे यांचे नाटकाचे प्रयोग हजारांत मोजले जातात आणि ते शेतकरीही आहेत. फॉर्मवर त्यांनी काय लिहावं?

रॉबर्ट स्टेबिन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हौशी नट, हौशी पुरातत्त्व संशोधक, हौशी बेसबॉल खेळाडू यांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये एक कल्पना मांडली. रिकाम्या वेळेतल्या सगळ्या गोष्टी एका मापाच्या नसतात. पानठेल्यावर खर्रा चघळत बसणं वेगळं आणि एखादी गोष्ट वर्षानुवर्षं गंभीरपणे करणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराच्या त्याने सहा खुणा सांगितल्या. मी सगळ्या सांगत बसत नाही. पहिली मात्र सांगतो: त्रास झाला तरी माणूस सोडत नाही. आणि शेवटची: तो त्या कामाशी स्वतःला इतका जोडून घेतो की स्वतःची ओळख करून देताना तेच सांगतो.

आता पाहा, आमचे ठाकूरसाहेब. चिखलणीच्या दिवसांत बांधीत नांगरामागे चालताना मोठमोठ्याने संवाद म्हणतात. बैलांना उद्देशून. "या गावात माझ्या परवानगीशिवाय पानही हलणार नाही!" बैल अर्थातच हलतात. धुऱ्यावरून जाणाऱ्या बाया हसतात आणि हा आणखी रंगात येतो. खरं तर आपल्या नाटकात समोर खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर सगळं पुरवतो, पाठांतर कच्चं असलं तरी निभतं. तरी हा पाठ करतो. एकदा मी विचारलं, इतकं कशाला? म्हणाला, "प्रॉम्प्टर शब्द देते. गुर्मी कोठून देनार थो?" हिवाळ्यात ताप अंगात असताना त्याने रात्रभर मिशी पिळली आहे. स्टेबिन्सची पहिली खूण झाली. शेवटची खूण मात्र त्याच्याकडे अर्धवट आहे, कारण गावाने त्याला ठाकूर मानलं तरी त्याने स्वतः मानलेलं नाही. विचारलं की तो सांगतो, साधा शेतकरी.

आता थोडं कडू. हल्ली काही नाटकांत गोष्ट थोडी आणि नाच फार होतो, हे मला पटत नाही. प्रेक्षकाला तेच पाहिजे असं कंपनीवाले म्हणतात. असेल. पण रात्रीतून चार वेळा कथा थांबवून रेकॉर्डवर नाचायचं असेल, तर नट उभा कुठे राहणार? असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

इथवर तुम्हाला वाटलं असेल की काम आणि ओळख यांचं नातं फार गोड आहे. तसं ते नाही. आपल्या गावांत शेकडो वर्षं कामावरूनच माणसाची ओळख ठरत होती, आणि त्या ओळखीने माणसं मारली. जन्माने काम ठरलेलं, कामावरून पायरी ठरलेली, पायरीवरून विहीर ठरलेली. १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलं की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. रोज करता त्यावरून तुम्ही घडता, असं भोळेपणाने सांगणाऱ्या कोणालाही हे वाक्य आधी वाचायला द्यावं. मेलेलं ढोर ओढायला लावलेल्या माणसाला 'तू रोज हे करतोस म्हणून तू हाच' असं सांगणं, ही त्या विचाराची सगळ्यात वाईट पायरी.

म्हणून काय केलं याइतकंच, काय करायचं सोडलं यानेही माणूस घडतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला. त्याच्या आगेमागे या भागातल्या कितीतरी वस्त्यांनी ढोरं ओढणं सोडलं, पाटलाच्या दारात बोलावलं की जाऊन वाजवणं सोडलं. पोटाला चिमटा बसला, गावाने बहिष्कार घातला, तरी सोडलं. त्या सोडण्यात किती मोठी ओळख कमावली गेली! एका म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं, "आमच्या बापानं डफ ठेवला. आमच्या नातवानं जयंतीले ढोल उचलला. वाजवना तोच हाय जी. बोलावते कोन, थे पाहा." बेमची अट या बाबांनी एका वाक्यात सांगितली, आणि बेमपेक्षा जास्त किंमत मोजून.

गाडगेबाबांचा खराटाही मी असाच पाहतो. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यात, परीट कुटुंबात जन्म. कीर्तनाला कोणत्याही गावात गेले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, मग संध्याकाळी बोलायचे. झाडणं हे काम गावाने ज्यांच्यावर लादलेलं होतं, ते काम त्यांनी मर्जीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हातात घेतलं. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे नाव किती जणांना आठवतं? लोकांनी त्यांना हातातल्या गाडग्याने ओळखलं. पुढारी हल्ली दोन ऑक्टोबरला खराटा धरून फोटो काढतात. पाहणारे तेव्हाही होते, आजही आहेत. फरक एवढाच की बाबा फोटो नसतानाही झाडत.

मर्जीने करायचं म्हटलं, पण कायद्याने बंदच केलं तर? शंकरपटाचं, म्हणजे आपल्या बैलजोड्यांच्या शर्यतीचं, तसं झालं. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-तमाशात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला तरी पट सुटायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा मान्य केला. बैलांचे हाल होत होते हे मी नाकारणार नाही. तुतारीचा (बैल हाकायच्या काठीचा) खिळा, शेपटी पिरगाळणं, आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बंदीमागे कारण होतं. मला बोलायचं आहे ते मधल्या सात वर्षांतल्या धुरकऱ्यांबद्दल, म्हणजे पटात जोडी हाकणाऱ्यांबद्दल. जोडी पटावर सुटली की ज्याचं नाव भोंग्यावरून घेतलं जायचं, तो एकदम कोणीच राहिला नाही. काहींनी बैल विकून टाकले. माझ्या माहितीतला एक जण पटाची जोडी विकायला तयारच होईना. नांगराला जुंपायला ती जोडी फार हलकी, पळवायला बंदी. बायको भांडायची, की हे दोन जावई किती दिवस पोसायचे? तो ढेप चारायचा, नदीवर नेऊन धुवायचा, शिंगं घासायचा आणि घरी आणून बांधायचा. ज्या कामासाठी हे सगळं चाललं होतं ते कामच नव्हतं, तरी त्याआधीची सगळी कामं तो नेमाने करत राहिला. पट पुन्हा सुरू झाला तोवर ती जोडी म्हातारी झाली होती. त्याने नवी घेतली नाही. आता तो दुसऱ्यांची जोडी पाहायला जातो आणि कोणत्या बैलाचा खूर कुठे चुकतो ते सांगतो. लोक ऐकतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात आता बायाही कासरा धरतात, हे मी त्याला सांगितलं, तर क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "बाईचा हात हलका राह्यते. बैल बरा पळन."

बायांचा विषय आलाच आहे तर तिथे थोडं थांबू. कारण पळणारी पोरगी सोडली तर आतापर्यंत मी जी उदाहरणं दिली त्यात पुरुषच फार आहेत, आणि समोर ज्या बाया बसल्या आहेत त्या तशा नजरेने माझ्याकडे पाहत आहेत. पुरुषाचा छंद दिसतो, कारण तो घराबाहेर पडतो. बाईचा छंद बहुतेक वेळा कामाच्या पोटात लपलेला असतो. रोवणीच्या ओळीत एक बाई गाणं उचलते, बाकीच्या ओढतात. धानाच्या मालकाला हे चांगलं ठाऊक असतं. गाणं उचलणारी ओळीत असली की हात भराभर चालतात आणि बांधी लवकर उरकते. म्हणून रोवणीच्या आदल्या संध्याकाळी तिच्या दारात पहिला निरोप जातो. मजुरी मात्र सगळ्यांइतकीच. मी अशा एका मावशींना विचारलं, तुम्हाला गाणी किती येतात? त्या म्हणाल्या, "मोजली नाहीत बापा. पान्यात उभी राह्यली की येतात, घरी नाही येत." मी वही-पेन घेऊन गेलो होतो. ओसरीवर बसून त्यांना तीन ओळींच्या पुढे एकही आठवेना. मग त्या उठल्या, कमरेत वाकल्या, हातात रोप धरल्यासारखी बोटं केली आणि गाणं सुरू झालं. त्यांचं गाणं त्यांच्या पाठीत आहे, कंबरेत आहे. आणि रकान्यात लिहिलं आहे: शेतमजूर.

२०१९ मध्ये देशात वेळेच्या वापराचं मोठं सर्वेक्षण झालं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, या चोवीस तासांत माणसाने काय केलं, ते विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे रोज जवळजवळ पाच तास. मुळात असं काम करणाऱ्या पुरुषांची संख्याही बायांच्या मानाने फार थोडी. मर्जीने काही करायला वेळ लागतो. तो वेळ कोणाच्या वाट्याचा कोण वापरतं, याचा हिशेब या आकड्यांत आहे. ठाकूरसाहेब रात्रभर मिशी पिळतात तेव्हा घरी म्हशी कोण पाहतं? त्यांच्या कलेला मी मघाशी टाळ्या घेतल्या. आता अर्ध्या टाळ्या वहिनींकडे वळवा.

मोबाइलबद्दल बोला, असं दोघांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं आहे. थोडक्यात बोलतो. रील पाहणं आणि रील करणं यात मी फरक करतो. आपल्या बोलीत धानाच्या बांधीतून गंमत करणारे पोरं-पोरी आहेत, त्यांना मी नटच समजतो. दिवसभर अंगठा वर सरकवणाऱ्याला मात्र बेमचा प्रश्न विचारला, की तुला हे आवडते का, तर तोही म्हणेल, "आवडत असन." त्या उत्तराचं काय करायचं ते त्याने ठरवावं.

आता प्रश्न घेऊ. हां, तू बोल. "सर, पोट भरल्याबिगर हे सगळं सुचते का?"

चांगला प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. आपलं नाटकच बघ. ते पावसाळ्यात होत नाही. धान कापून, चुरून, विकून हातात चार पैसे आले की होतं. धान बुडालं त्या साली गावं नाटकाच्या बयाण्याला हात आखडता घेतात. म्हणजे पोट आधी, हे कबूल. पण पोट पूर्ण भरेपर्यंत कोणी थांबलं असतं, तर झाडीपट्टीत एकही पडदा वर गेला नसता. इथे पोट पूर्ण कधी भरलं होतं? दीड-दोन एकरवाल्याने मिशी लावली म्हणून ही रंगभूमी उभी आहे. कर्ज काढून नाटक कर, असं मी सांगत नाही. तसंही करणारे आहेत, त्यांची घरं मी पाहिली आहेत. मी इतकंच म्हणतो की पोट भरल्यावर करू, असं म्हणणाऱ्याची ती वेळ सहसा येत नाही, आणि पोटासाठी जे करतोस तेवढाच तू आहेस, हे तुला दुसरा कोणी सांगत असेल तर त्याचा त्यात काय फायदा आहे, ते आधी पाहा.

मागच्या रांगेतल्या ताई. उभ्या राहूनच विचारा.

"तुमचा बोलना पटला जी. मले लहानपनी डफड्यावर लई चांगला ताल धरता येत होता. पन आज मंडई आहे, घरी पंधरा पाहुने आहेत. नाटक साडेनवाले सुरू होते. मले पहिल्या अंकापासून पाहाचा आहे. तं आज रातचा सयपाक कोन करन?"

हसू नका. माझ्या आजच्या सगळ्या भाषणात या प्रश्नाचं उत्तर नाही. अध्यक्षांकडे माइक देतो. पाहुणे त्यांच्याच घरचे आहेत, असं आत्ता कोणीतरी कुजबुजलं.